कोळसा शिल्लक, खाण बंद

१. दोन प्रश्न

जमिनीत कोळसा शिल्लक असताना खाण बंद का पडते, आणि तालुक्यातून निघणारा कोळसा वाढत असताना त्याच तालुक्यातील तरुणांना खाणीत नोकऱ्या का मिळत नाहीत, हे दोन प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यात चहाच्या टपरीपासून ग्रामसभेपर्यंत सर्वत्र विचारले जातात. पहिला प्रश्न ऱ्हासाचा आहे आणि दुसरा भरभराटीतील टंचाईचा, त्यामुळे ते परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. खाणपट्ट्याचा उदय आणि अस्त म्हटले की खनिज सापडले, वस्ती वाढली, खनिज संपले आणि वस्ती ओस पडली, असा सरळ क्रम डोळ्यांपुढे येतो. वणीत तो लागू पडत नाही. येथे एक खाण थांबते तेव्हा चार कोसांवरची दुसरी रुंदावत असते, आणि उताराची पहिली खूण उत्पादनाच्या तक्त्यात न दिसता हजेरीपटावर दिसते. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी आधी कोळसा जमिनीत कसा पडून आहे, हे पाहिले पाहिजे.

२. काळ्या मातीखाली काय आहे

वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर, पूर्वेला चंद्रपूर आणि पश्चिमेला यवतमाळ जिल्ह्यात, जो कोळशाचा पट्टा पसरला आहे त्याला भूवैज्ञानिक वर्धा खोरे कोळसाक्षेत्र म्हणतात. हा कोळसा गोंडवन काळातील, म्हणजे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका ही भूखंडे एकमेकांना जोडलेली असतानाच्या काळातील आहे, आणि त्याचे वय सुमारे २८ कोटी वर्षे मानले जाते. त्याआधी या प्रदेशावर हिम होते. चंद्रपूरजवळ इरई येथे हिमनद्यांनी घासून ओरखडे उमटवलेला चुनखडक आजही दाखवता येतो, आणि विदर्भाच्या मे महिन्यात तो पाहणाऱ्याला या विधानावर विश्वास ठेवणे जड जाते. हिम ओसरल्यावर सखल दलदलीत वनस्पती वाढल्या, पडल्या, गाळाखाली दबल्या आणि कोट्यवधी वर्षांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला.

या कोळसाधारी खडकांना बराकर खडकगट असे नाव आहे. त्यांच्यावर कामठी खडकगटाचा वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन बनलेला खडक, काही भागांत त्यावर दख्खनचा काळा कातळ आणि सर्वांत वर कापसाची काळी माती, असा हा थरावर थर रचलेला प्रदेश आहे. त्यामुळे कोळसा उघड्यावर क्वचितच दिसतो आणि बोअर मारून शोधावा लागतो. अनेक ठिकाणी मुख्य थर १५ ते २० मीटर जाड आहे, ही या क्षेत्राची मोठी जमेची बाजू. कोळशात राख अधिक आहे आणि पोलादाच्या भट्टीसाठी लागणारा कोक त्यापासून बनत नाही, ही उणी बाजू. हा कोळसा जाळून वाफ करण्याचा आहे. वाफेचे गिऱ्हाईक कोण, यावरच या पट्ट्याचे नशीब प्रत्येक पिढीत ठरत आले आहे.

आणखी एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवावी लागते. कोळशापेक्षा कितीतरी जुना चुनखडक याच तालुक्यात जमिनीलगत आहे. चुना भाजायला दगड आणि इंधन दोन्ही लागतात, आणि ती दोन्ही हाकेच्या अंतरावर असल्यामुळे तालुक्यातील राजूर गावाच्या परिसरात चुन्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. खाण आणि भट्टी हे राजूरचे दोन पाय होते.

३. आधी नदीपलीकडे

वणी ज्यात येते ते वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले आणि नदीपलीकडील चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर, जिल्हा मध्यप्रांतात होता, त्यामुळे वर्धा नदी ही त्या काळी दोन प्रशासनांमधील सीमाही होती. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचल्यावर इंजिनांसाठी जवळचा कोळसा हवा झाला, आणि तो नदीपलीकडे वरोऱ्याला मिळाला. तेथील सरकारी खाण १८७१ साली सुरू झाली आणि त्याच दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकण्यात आला, ज्याचे नावच वर्धा कोल स्टेट रेल्वे असे होते. थिओडोर ह्यूज या भूवैज्ञानिकाने संपूर्ण खोऱ्याची पाहणी करून लिहिलेला प्रबंध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८७७ साली प्रसिद्ध केला. वणीच्या बाजूला कोळसा आहे, हे अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच माहीत झाले होते.

वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. अवघ्या ३५ वर्षांत या खोऱ्याने उदयास्ताचे एक पूर्ण चक्र पाहिले, आणि या चक्राचा धडा असा की लोहमार्ग मात्र थांबला नाही. तो पुढे बल्लारपूरकडे गेला, जेथे नवी खाण सुरू झाली होती. ज्या गावाने कोळसा दिला ते मागे राहते आणि ज्या मार्गाने कोळसा जातो तो पुढे सरकतो, हे त्या वेळीच दिसून आले होते. वरोरा आज ओळखला जातो तो १९४९ पासून उभ्या राहिलेल्या आनंदवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीमुळे. तेथे कधी काळी सरकारी कोळसाखाण होती, हे खुद्द विदर्भातही फारसे कोणाला ठाऊक नसते.

वणीचे महत्त्व तेव्हा प्रशासकीय होते. ज्याला आज यवतमाळ जिल्हा म्हणतात तो १९०५ पर्यंत वणीच्या नावानेच, इंग्रजी कागदांत ‘वून’ म्हणून, ओळखला जाई. तालुक्याचे अर्थकारण कापसाचे होते आणि कोळसा जमिनीखाली पडून होता.

४. राजूर: खांबांवर उभी खाण

बल्लारपूरकडे गेलेल्या त्याच लोहमार्गावरील माजरी जंक्शनवरून वणी-राजूरकडे वळलेल्या रेल्वे फाट्यामुळे नदीच्या पश्चिमेचा कोळसा बाजारात जाऊ लागला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजूर हे खाणीचे गाव झाले. आजही नकाशावर त्याचे नाव ‘राजूर कॉलरी’ असेच लिहिलेले आढळते. राजूर, भांदेवाडा, कुंभारखणी या येथील भूमिगत खाणी. भूमिगत खाण म्हणजे काय, हे नेमके कळल्याखेरीज पुढचा बदल किती मोठा होता ते कळणार नाही.

कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या खोदत जायचे आणि गल्ल्यांच्या मधला कोळसा चौकोनी खांबांच्या रूपात छताला आधार म्हणून तसाच ठेवायचा, ही भारतातील भूमिगत खाणीची सर्वांत रुळलेली पद्धत. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कोळशाच्या भिंतीला ‘फेस’ म्हणतात. फेसमध्ये छिद्रे पाडायची, शॉटफायररने, म्हणजे सुरुंग लावणाऱ्याने, त्यांत स्फोटकांच्या नळ्या भरून ओल्या मातीने तोंडे बुजवायची, सर्वांना मागे घेऊन सुरुंग उडवायचा, धूर निवळला की मायनिंग सरदाराने, म्हणजे सुरक्षा पाहणाऱ्या पर्यवेक्षकाने, आत जाऊन काठीने छत ठोकायचे. खणखणीत आवाज आला तर छत घट्ट आहे. पोकळ, ढबढब आवाज आला तर वरचा खडक सुटला आहे आणि तो पाडल्याशिवाय किंवा लाकडी टेकू लावल्याशिवाय कोणालाही पुढे सोडायचे नाही. त्यानंतर लोडर, म्हणजे टोपल्यांनी कोळसा भरणारे कामगार, रुळांवरच्या लोखंडी टबांत माल भरत. एका फेसमागे अशी माणसांची साखळी लागे, शिवाय पंपवाला, हवा खेळती ठेवणारा, टब ओढणारी दोरयंत्रे चालवणारा, दिवे तपासून देणारा वेगळा. खाण तीन पाळ्यांत चाले, म्हणून हे सर्व दिवसातून तीनदा.

या पद्धतीचे दोन परिणाम ध्यानात घेण्यासारखे आहेत. पहिला असा की कोळसा थोडा निघे आणि माणसे फार लागत, म्हणजेच पगार अनेक घरांत पोहोचे. राजूरला मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे वसली, दुकाने आली, पगाराच्या दिवशी बाजार फुलू लागला. दुसरा असा की खांबांत अडकलेला कोळसा जमिनीतच राही. हे खांब शेवटी काढून घेता येतात, पण तेव्हा वरचे छत मुद्दाम खाली बसू द्यावे लागते किंवा पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरावी लागते. वर गाव, रस्ता, नाला किंवा लोहमार्ग असेल तर खांबांना हातही लावता येत नाही. त्यातच कोळशाची एक खोड अशी की तो हवेच्या संपर्कात राहिला तर हळूहळू तापतो आणि स्वतःहून पेट घेतो, म्हणून जुन्या गल्ल्या भिंती घालून कायमच्या बंद कराव्या लागतात. बंद केलेल्या भिंतीमागचा कोळसा नकाशावर शिल्लक दिसतो, हिशेबात मात्र धरता येत नाही. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

५. १९७३: मालक बदलला, मग खाणीचा आकार बदलला

खाजगी मालकीच्या काळात अनेक ठिकाणी सोपा कोळसा काढून अवघड कोळसा सोडून देण्याकडे कल असे, सुरक्षिततेवर खर्च कमी होई आणि मजुरी तुटपुंजी असे. कोकचा कोळसा देणाऱ्या खाणी केंद्र सरकारने १ मे १९७२ रोजी आणि उरलेल्या, म्हणजे वणी पट्ट्यासारख्या, खाणी १ मे १९७३ रोजी राष्ट्रीयीकृत केल्या. कोल इंडिया ही कंपनी नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थापन झाली आणि नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही तिची उपकंपनी वर्धा खोऱ्यातील खाणी चालवू लागली. स्थानिक बोलण्यात कंपनीचे नाव ‘डब्ल्यूसीएल’ एवढेच उरले आहे. खाण कामगाराला करारबद्ध वेतन, क्वार्टर, दवाखाना आणि निवृत्तीनंतरची रक्कम मिळू लागली, आणि ज्या तालुक्यात कोरडवाहू शेतीचे उत्पन्न पावसावर टांगलेले असते, तेथे कॉलरीतील नोकरी ही लग्नाच्या बाजारातील सर्वांत भक्कम पात्रता ठरली.

त्याच सुमारास गिऱ्हाईकही बदलत होते. भारतीय रेल्वेसाठी वाफेची इंजिने बनवणे १९७२ साली थांबले. दुसरीकडे १९७३ च्या तेलसंकटानंतर वीज कोळशावरच करायची, हे धोरण पक्के झाले. १९८० च्या दशकात चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र सुरू झाले, ज्याची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. रेल्वेचे इंजिन कोळसा पाट्यांनी खाई. वीज केंद्राला तो दररोज मालगाड्यांनी लागतो. टोपलीने टब भरून ही भूक भागणे शक्य नव्हते, म्हणून खुल्या खाणी आल्या.

खुली खाण म्हणजे कोळशावरची सर्व माती आणि खडक उचलून बाजूला ठेवायचे आणि थर उघडा करून शॉवेल नावाच्या यंत्राने उचलायचा. नीलजई, मुंगोली, कोलगाव, नायगाव, उकणी, जुनाड, पिंपळगाव, कोलारपिंपरी, घोन्सा ही वणी तालुक्यातील गावांची नावे आता खाणींची नावे आहेत. कंपनीने त्यांची विभागणी ‘वणी’ आणि ‘वणी नॉर्थ’ अशा दोन क्षेत्रांत केली असून ही विभागणी जिल्ह्याची हद्द पाळत नाही. वणी क्षेत्रात नदीपलीकडचे, चंद्रपूर जिल्ह्यातले घुग्गुसही येते.

६. मातीचा हिशेब

कोळशावरच्या माती-खडकाला खाणीत ‘ओव्हरबर्डन’ आणि बोलताना ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळसा मिळवण्यासाठी किती घनमीटर ओबी हलवावी लागते, या प्रमाणावर खुल्या खाणीचे आयुष्य अवलंबून असते. कोळशाचा थर आडवा नसून तिरका उतरत जातो, त्यामुळे जेथे तो जमिनीलगत आहे तेथे खाण सुरू होते आणि दरवर्षी ती थोडी खोल जाते. कोळशाची जाडी तीच राहते, वरचे ओझे वाढत जाते.

केवळ समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. कोळसा टनाला १,५०० रुपयांनी विकला जातो, तो फोडून-भरून पाठवण्याचा आणि व्यवस्थापनाचा खर्च टनाला ६०० रुपये आहे, आणि ओबी हलवण्याचा खर्च घनमीटरला १०० रुपये आहे. एका टनामागे ३ घनमीटर ओबी असेल तर एकूण खर्च ९०० आणि उरतात ६०० रुपये. प्रमाण ६ झाले की खर्च १,२०० होतो आणि ३०० उरतात. प्रमाण ९ झाले की खर्च बरोबर १,५०० होतो, आणि त्यापुढचा प्रत्येक टन तोट्यात जातो. खाणीच्या तळाशी उभे राहून समोरच्या उभ्या कड्यात कोळशाचा काळा पट्टा जमिनीत शिरताना स्पष्ट दिसतो, तरी तेथे काम थांबलेले असते.

यवतमाळच्या कापूस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागत नाही. फरदडीच्या, म्हणजे हंगामानंतरही शेतात ठेवलेल्या कपाशीच्या, शेवटच्या वेच्याला झाडावर बोंडे असतात, पण वेचणीची मजुरी कापसाच्या भावाला परवडेनाशी झाली की तो पऱ्हाटीत गुरे सोडतो. कापूस संपलेला नसतो. वेचणे संपलेले असते. कोळशाच्या बाबतीत फरक एवढाच की भाव चढला, यंत्रे स्वस्त झाली किंवा शेजारची जमीन मिळून उतार सौम्य करता आला तर सोडलेला कोळसा पुन्हा हिशेबात येतो. म्हणून ‘बंद’ खाणी कधी कधी पुन्हा उघडतात, आणि सोडून दिलेल्या भूमिगत खाणी खाजगी कंपन्यांना महसूल वाटून घेण्याच्या अटीवर देण्याचे प्रयत्नही कोल इंडियाने अलीकडे केले आहेत.

ओबीचा दुसरा हिशेब खाणीच्या बाहेर मांडला जातो. खाण सुरू होते तेव्हा आत जागाच नसल्यामुळे पहिली काही वर्षे सर्व ओबी बाहेर शेतजमिनीवर टाकावी लागते, आणि फोडलेला खडक मूळ आकारापेक्षा अधिक जागा व्यापतो. सपाट वणी तालुक्यात आज जे डोंगर दिसतात ते हेच होत. त्यांच्यावर बाभळी आणि झुडपे माजली असून तेथे वाघांचा वावरही आढळतो. नदीकाठच्या गावांची तक्रार अशी आहे की या ढिगाऱ्यांमुळे वर्धेच्या पुराचे पाणी अडते आणि गावात व शेतात पसरते. जुलै २०२२ च्या पुरानंतर ही तक्रार अधिक जोरात मांडली गेली. नागपूर जिल्ह्यातील काही खाणींत ओबीतील वालुकाश्मापासून बांधकामाची वाळू वेगळी काढली जाते, पण अशा उद्योगाने हलू शकेल त्यापेक्षा ढीग फार मोठे आहेत.

कोळशाच्या रस्त्यालगतच्या शेतात नोव्हेंबरात पाहिले तर हिशेबाचा तिसरा भाग दिसतो. ताडपत्री नीट न बांधलेल्या ट्रकांमागून उडणारी काळी भुकटी फुटलेल्या बोंडांवर बसते, दंवाने चिकटते आणि वेचलेला कापूस राखाडी दिसतो. बाजारात व्यापारी मूठभर कापूस उघडून पाहतो आणि भाव पाडून मागतो. या घटीला ओबी किंवा कोळसा यांपैकी कोणत्याच खर्चात स्थान नाही.

७. उत्पादन चढते, हजेरी उतरते

दुसऱ्या प्रश्नाकडे आता वळता येईल. तालुक्याचे स्वतंत्र आकडे बाजूला ठेवून संपूर्ण कोल इंडियाचे चित्र पाहिले, तरी दिशा स्पष्ट होते. स्थापनेच्या वर्षी कंपनीचे उत्पादन सुमारे ७ कोटी ९० लाख टन होते. २००९-१० मध्ये ते ४३ कोटी टनांवर गेले आणि तेव्हा कंपनीचे कर्मचारी ३,९७,१३८ होते. २०२२-२३ मध्ये उत्पादन ७० कोटी टनांच्या पुढे गेले आणि कर्मचारी २,३९,२१० उरले. भागाकार करून पाहिला तर २०१० मध्ये एका कर्मचाऱ्यामागे वर्षाला साधारण १,०९० टन कोळसा निघत होता आणि १३ वर्षांनी तो २,९४० टनांवर गेला. कोळसा सुमारे ६३ टक्क्यांनी वाढला, माणसे ४० टक्क्यांनी घटली. वेस्टर्न कोलफील्ड्सचे उत्पादनही याच काळात सुमारे साडेचार कोटींवरून ६ कोटी ४० लाख टनांपर्यंत वाढले.

हा चमत्कार केवळ कार्यक्षमतेचा नव्हे. एक मोठे कारण असे की कोल इंडियाचा ९६ टक्क्यांहून अधिक कोळसा आता खुल्या खाणींतून येतो, आणि मनुष्यबळ खाणाऱ्या राजूरसारख्या भूमिगत खाणी मागे पडल्या आहेत. दुसरे कारण असे की ओबी काढणे आणि कोळसा वाहणे ही कामे ठेकेदारांकडे गेली. ठेकेदाराचा डंपर चालवणारा माणूस खाणीतच काम करतो, पण वरच्या आकड्यांत तो मोजला जात नाही. त्याला क्वार्टर नाही, आणि ठेका संपला की कामही संपते. कायम कामगार निवृत्त होतो तेव्हा त्याची जागा बहुधा भरली जात नाही. काढून टाकल्याचा प्रसंग, संप, मोर्चा असे काही न घडता एक पिढी निवृत्त होते आणि वसाहतीतील क्वार्टर एकेक करून रिकामे होतात. ब्रिटनमध्ये १९८४-८५ साली खाणी बंद करण्याविरुद्ध वर्षभराचा संप झाला आणि त्यामुळे तेथील ऱ्हासाला तारीख मिळाली. वणीच्या उताराला तारीख नाही, म्हणूनच त्याची बातमीही झाली नाही.

कंपनीत नवी कायम नोकरी मिळण्याची वणीकराची मुख्य वाट आता जमिनीतून जाते. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणानुसार संपादित होणाऱ्या दर दोन एकरांमागे एक नोकरी देण्याची तरतूद आहे. एखाद्या कुटुंबाकडे एक एकर असेल तर त्याने दुसऱ्या अल्पभूधारकाबरोबर क्षेत्र जोडून एका नोकरीवर हक्क सांगायचा, आणि नोकरी कोणाच्या मुलाला मिळणार व दुसऱ्याने किती रक्कम घ्यायची हे आपसांत ठरवायचे. भूमिहीन शेतमजुराकडे जोडायला काहीच नसते. तो त्याच शेतात राबत असला, तरी शेत गेल्यावर त्याचे कामही जाते आणि नोकरीच्या यादीत त्याचे नाव येत नाही.

८. घेतलेली जमीन कोणाची

खाणीसाठी जमीन घेण्याचा कायदा सर्वसाधारण भूसंपादन कायद्याहून वेगळा, १९५७ चा कोळसाधारी क्षेत्र संपादन कायदा आहे. त्याचे टप्पे थोडक्यात असे: कलम ४ ची अधिसूचना निघाली की शोधकामाची परवानगी मिळते, कलम ७ ने संपादनाचा इरादा जाहीर होतो, त्यावर ३० दिवसांत हरकत घेता येते, कलम ९ च्या घोषणेनंतर जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन सरकारकडे जाते आणि कलम ११ ने ती सरकारी कंपनीला दिली जाते. कोळसा काढून झाल्यावर जमीन मूळ मालकाला परत द्यावी, असे बंधन या कायद्यात नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केलेल्या धोरणानुसार अशा वापर संपलेल्या जमिनी ऊर्जा व इतर पायाभूत प्रकल्पांसाठी भाडेपट्ट्याने देता येतात, पण मालकी कंपनीचीच राहते.

जमीन पूर्ववत करण्याची हमी म्हणून २००९ पासून प्रत्येक खाणीला बंदीकरण आराखडा करावा लागतो आणि त्यासाठीची रक्कम दरवर्षी एस्क्रो खात्यात, म्हणजे काम झाल्याची खात्री पटल्यावरच पैसे सोडणाऱ्या तारण खात्यात, भरावी लागते. त्या वर्षीच्या किमतींनुसार खुल्या खाणीसाठी हा दर हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख ठरला. ५०० हेक्टरांची खुली खाण असेल तर मूळ तरतूद ३० कोटी रुपयांची होते. या पैशातून ढीग सपाट करणे, झाडे लावणे, खड्ड्याभोवती कुंपण घालणे, जुने बांधकाम पाडणे अशी कामे अपेक्षित आहेत. खड्डा मात्र पूर्ण बुजत नाही. शेवटच्या कापणीची पोकळी पाण्याने भरते आणि तिचा तलाव होतो. पाणी उपसणे थांबले की आसपासच्या विहिरींची पातळी वर येते, हा बंद खाणीचा एक फायदा शेतकरी आवर्जून सांगतात.

९. झरी-जामणीचा फाटा

वणीच्या दक्षिणेला झरी-जामणी तालुक्यात मार्की-मांगली हे कोळसा ब्लॉक, म्हणजे खाणकामासाठी आखलेली क्षेत्रे, खाजगी कंपन्यांना त्यांच्या कारखान्यांसाठी देण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१४ रोजी १९९३ पासून दिलेल्या २१८ ब्लॉकपैकी २०० हून अधिक ब्लॉकचे वाटप रद्द केले, तेव्हा त्याची झळ येथेही पोहोचली. कोळसा जमिनीत, यंत्रे जागेवर, मागणी कायम आणि तरी काम ठप्प, असा बंद खाणीचा तिसरा प्रकार त्यामुळे पाहायला मिळाला: निसर्गाने किंवा हिशेबाने नव्हे, तर कागदाने बंद झालेली खाण. पुढे लिलाव होऊन ब्लॉक पुन्हा दिले गेले.

त्याच तालुक्यातील मुकुटबनला चुनखडकावर आधारलेला मोठा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला. राजूरच्या चुनाभट्टीचे आणि या कारखान्याचे कच्चे साहित्य एकाच जातीचे आहे. भट्टीवर दगड फोडणारे, रचणारे, चुना गाळणारे हात लागत, कारखान्यात ते काम नियंत्रण कक्षातून होते. कोळशाच्या बाबतीत जे टब आणि शॉवेल यांच्यात घडले, तेच चुन्याच्या बाबतीत येथे घडले.

१०. पैसा कोणत्या खात्यात जातो

कोळशावर किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल राज्याला द्यावयाचे स्वामित्वधन, आकारली जाते. २०१५ च्या कायदादुरुस्तीने प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले असून जुन्या खाण-भाडेपट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम त्यात भरावी लागते. पुन्हा १,५०० रुपये टनाचा गृहीत भाव घेतला तर रॉयल्टी २१० रुपये आणि प्रतिष्ठानाचा वाटा ६३ रुपये होतो. एका खाणीने वर्षात २० लाख टन कोळसा काढला तर १२ कोटी ६० लाख रुपये जिल्ह्याच्या खात्यात जमा होतात. पिण्याचे पाणी, आरोग्य, शाळा अशा कामांना या निधीत अग्रक्रम आहे.

हा पैसा कोळसा निघतो तोपर्यंतच येतो. ज्या खाणीचे उत्पादन शून्य झाले तिची रॉयल्टी शून्य आणि प्रतिष्ठानाचा वाटाही शून्य, म्हणजे गावाला गरज वाढते तेव्हाच ओघ आटतो. तारण खात्यातील रक्कम त्यानंतरही शिल्लक असते, परंतु ती खड्डा, ढीग आणि कुंपण यांच्यासाठी राखलेली आहे. कायम कामगाराच्या निवृत्तिवेतनाचे खाते वेगळे, जमीनधारकाच्या मोबदल्याचे वेगळे. पाळी सुटल्यावर चहा देणारा, डंपरचे टायर पंक्चर काढणारा, क्वार्टरमध्ये भाजी नेऊन विकणारी बाई आणि ठेकेदाराकडचा चालक यांच्यासाठी यांपैकी कोणत्याही खात्यात रकाना नाही, आणि बंद पडत चाललेल्या भूमिगत खाणींच्या गावांत सर्वांत आधी दुकाने मिटली ती याच लोकांची.